घटक ७ : वृद्धापकाळातील पोषणस्थिती आणि शरीराचे वजन

७.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास :
• पोषणस्थिती आणि शरीराचे वजन यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• वयानुसार शरीराच्या घडणीत होणारे बदल सांगता येतील.
• वृद्ध व्यक्तीच्या वजनातील घट टक्केवारीत काढून तिचा अर्थ लावता येईल.
• वजन घटण्याची शारीरिक, मानसिक व सामाजिक कारणे विशद करता येतील.
• घरातील उपलब्ध पदार्थांतून वृद्धांच्या आहाराचे नियोजन करता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण प्रौढांच्या संतुलित आहाराचा विचार केला. प्रस्तुत घटकात आपण साठीनंतरच्या आयुष्याकडे वळणार आहोत. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. हे प्रमाण सतत वाढत आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आई-वडील, सासू-सासरे किंवा आजी-आजोबा यांच्या रूपाने हा विषय प्रत्यक्ष वावरत असतो.

वृद्ध माणूस बारीक होऊ लागला की आपल्या बोलीत त्यासाठी शब्दांची कमतरता नसते. तो 'रोडावला', 'वाळला', 'सुकला', 'खंगला', 'अंगाने उतरला' असे आपण म्हणतो. या शब्दांच्या छटा वेगवेगळ्या आहेत. 'रोडावणे' म्हणजे बारीक होणे; 'खंगणे' यात मात्र आतून झिजत जाण्याची, आजाराची किंवा चिंतेची सूचना आहे. म्हणजेच भाषेने हा फरक फार पूर्वी टिपलेला आहे. परंतु व्यवहारात आपण या सर्व शब्दांवर एकच उत्तर देऊन मोकळे होतो : 'वयोमानाने व्हायचेच.' हे उत्तर कितपत खरे आहे, याची तपासणी करणे हा या घटकाचा मुख्य हेतू आहे. आहाराची मात्रा किंचित कमी होणे हे वयाचे लक्षण असू शकते. पण प्रयत्न न करता सतत घटणारे वजन हे वयाचे लक्षण नसून शोध घेण्याजोगी खूण आहे, हा या घटकाचा मध्यवर्ती विचार होय.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ पोषणस्थिती म्हणजे काय?

अन्नातून मिळणारे घटक आणि शरीराची गरज यांच्या परस्परमेळातून शरीराची जी अवस्था निर्माण होते, तिला पोषणस्थिती असे म्हणतात. वजन हा तिचा सर्वांत सोपा निदर्शक आहे. परंतु तो एकमेव निदर्शक नाही. पुरेसे वजन असलेल्या व्यक्तीच्या शरीरातही लोहाची, 'ब-१२' किंवा 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. उलट सडपातळ बांध्याची, पण वर्षानुवर्षे वजन स्थिर असलेली आणि अंगमेहनत करणारी वृद्ध व्यक्ती उत्तम पोषित असू शकते.

कुपोषण हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर अंगणवाडीतील बालक उभे राहते. तेथे बालकाचे वजन नियमित होते, नोंद ठेवली जाते, वाढीचा आलेख काढला जातो. वृद्धांच्या बाबतीत अशी नियमित नोंद क्वचितच होते. त्यामुळे त्यांचे कुपोषण बराच काळ नजरेआड राहते. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशव्यापी 'लासी' सर्वेक्षणाची पहिली फेरी पार पाडली. तीत साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे २७ टक्के व्यक्तींचे वजन अपुरे, तर सुमारे २२ टक्के व्यक्तींचे वजन अधिक आढळले. अपुऱ्या वजनाचे प्रमाण ग्रामीण भागात, तर अधिक वजनाचे प्रमाण शहरी भागात जास्त होते. एकाच देशात, कधी एकाच कुटुंबात, हे दोन्ही प्रश्न शेजारी-शेजारी नांदतात, हे यावरून लक्षात येते.

७.२.२ वयानुसार शरीराच्या घडणीत होणारे बदल

वजनकाटा शरीराचा एकूण भार सांगतो. त्या भारात स्नायू किती, चरबी किती, हाडे व पाणी किती, हे तो सांगत नाही. वाढत्या वयात नेमकी ही आतील वाटणी बदलते.

(अ) स्नायूंची घट : मध्यम वयानंतर स्नायू हळूहळू कमी होतात आणि त्यांची जागा काही अंशी चरबी घेते. त्यामुळे वजन तेवढेच राहूनही ताकद कमी होऊ शकते. वयानुसार होणाऱ्या या स्नायुक्षयाला १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवले. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. जिना चढताना कठड्याचा आधार घ्यावा लागणे, जमिनीवरून उठताना हात टेकावे लागणे, पाण्याने भरलेली कळशी न उचलणे, ही त्याची घरगुती लक्षणे आहेत.

(आ) उंचीतील घट : मणक्यांमधील चकत्या दबल्यामुळे, हाडे ठिसूळ झाल्यामुळे आणि पाठीला बाक आल्यामुळे उंची कमी होते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील दीर्घकालीन अभ्यासात तीस ते सत्तर या वयांदरम्यान पुरुषांची उंची सरासरी सुमारे ३ सेंटिमीटरने, तर स्त्रियांची सुमारे ५ सेंटिमीटरने कमी झाल्याचे दिसले. या बाबीचा वजनाच्या गणितावर कसा परिणाम होतो, ते पुढील उपघटकात पाहू.

(इ) भूक व तहान यांतील बदल : वयानुसार घ्राणशक्ती व रुचिज्ञान मंदावते, जठर सावकाश रिकामे होते आणि थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते. तहानेची जाणीवही बोथट होते.

याच संदर्भात अमेरिकेत झालेला आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उद्बोधक आहे. तरुण आणि वृद्ध पुरुषांना सुमारे तीन आठवडे गरजेपेक्षा कमी अन्न देण्यात आले. त्यानंतर हवे तेवढे खाण्याची मुभा मिळताच तरुणांनी अधिक खाऊन गमावलेले वजन भरून काढले. वृद्धांना ते साधले नाही. त्यांची भूक पुरेशी वाढलीच नाही. आपल्या घरातील अनुभवाशी हे ताडून पाहा. तापाच्या किंवा जुलाबाच्या आजारातून उठलेला तरुण मुलगा आठवडाभर 'खा खा' करतो. सत्तरीतील आजोबा मात्र बरे होऊनही अर्ध्या भाकरीवरच थांबतात. म्हणून आजारातून उठलेल्या वृद्धाला 'भूक लागली की मागतील' या भरवशावर सोडून चालत नाही.

(ई) अंथरुणाला खिळण्याचा परिणाम : निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस पूर्ण अंथरुणात ठेवून केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या दोन्ही पायांतील मिळून जवळपास एक किलो चरबीविरहित ऊतक, मुख्यतः स्नायू, कमी झाल्याचे आढळले. हे लोक आजारी नव्हते, हे विशेष. एखाद्या शस्त्रक्रियेनंतर किंवा पाय मुरगळल्यानंतरची 'सक्तीची विश्रांती' वृद्धाला किती महाग पडू शकते, हे यातून स्पष्ट होते.

७.२.३ वजनाचे मापन आणि त्याचा अर्थ

उंचीच्या तुलनेत वजन किती असावे, हे ठरवण्यासाठी शरीर-वस्तुमान निर्देशांक वापरतात. दवाखान्यात यालाच 'बीएमआय' म्हणतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा निर्देशांक मिळतो. हे सूत्र बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अदोल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. त्याला आजचे नाव मात्र अन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दिले. प्रौढांसाठी १८.५ पेक्षा कमी निर्देशांक अपुरे वजन दर्शवतो. अधिक वजनाची जागतिक मर्यादा २५ आहे. भारतीयांसाठी ती २३ धरली जाते.

केतले यांनी हे सूत्र लोकसमूहांच्या वर्णनासाठी मांडले होते. एका वृद्ध व्यक्तीच्या बाबतीत ते जसेच्या तसे लावल्यास काय घडते, हे पुढील उदाहरणावरून समजून घेऊ.

उदाहरण : ७२ वर्षांच्या एका स्त्रीचे वजन मार्च महिन्यात ४८ किलो होते. सप्टेंबरमध्ये ते ४४ किलो भरले. तिची आजची उंची १५० सेंटिमीटर आहे. तरुणपणी ती १५५ सेंटिमीटर होती.

पायरी १ : आजच्या उंचीनुसार निर्देशांक = ४४ ÷ (१.५० × १.५०) = ४४ ÷ २.२५ = १९.६. सर्वसाधारण तक्त्यानुसार ही स्त्री 'सामान्य' ठरते.

पायरी २ : तरुणपणीच्या उंचीनुसार निर्देशांक = ४४ ÷ (१.५५ × १.५५) = ४४ ÷ २.४० = १८.३. आता तीच स्त्री 'अपुऱ्या वजनाची' ठरते. उंची कमी झाल्यामुळे निर्देशांक फुगला होता आणि त्यामागे कृशता दडली होती.

पायरी ३ : वजनातील घट = (४८ − ४४) ÷ ४८ × १०० = ८.३ टक्के.

कुपोषणाच्या निदानासाठी जगातील पोषणविषयक वैद्यकीय संस्थांच्या संयुक्त गटाने जे निकष सुचवले आहेत, त्यांत सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक किंवा त्याहून दीर्घ काळात १० टक्क्यांहून अधिक अनैच्छिक घट ही महत्त्वाची खूण मानली आहे. त्याच निकषांत आशियाई व्यक्तींसाठी सत्तर वर्षांपर्यंत १८.५ ही, तर सत्तरीनंतर २० ही निर्देशांकाची खालची मर्यादा सुचवली आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातील स्त्री पायरी १ मध्ये 'सामान्य' दिसत असली, तरी तिला तातडीने तपासणीची गरज आहे. यावरून पुढील सूत्र लक्षात ठेवावे : वृद्धांच्या बाबतीत एका दिवसाच्या वजनापेक्षा वजनाची दिशा अधिक बोलकी असते.

वजन घेताना पुढील दक्षता घ्यावी :
१. महिन्यातून एकदा, शक्यतो सकाळी, शौचानंतर व न्याहारीपूर्वी वजन घ्यावे.
२. दर वेळी तोच वजनकाटा आणि साधारण तेवढेच कपडे असावेत. काटा सपाट फरशीवर ठेवावा.
३. आकडा तारखेसह वहीत किंवा दिनदर्शिकेच्या त्या चौकटीत लिहावा.
४. पायांवर किंवा पोटावर सूज असल्यास साचलेल्या पाण्यामुळे वजन जास्त भरते. अशा वेळी 'वजन वाढले' असे समाधान मानू नये, डॉक्टरांना दाखवावे.

ज्यांना उभे राहता येत नाही, त्यांच्या पोटरीचा घेर मोजता येतो. शिंप्याच्या साध्या टेपने पोटरीचा सर्वांत रुंद भाग, टेप न आवळता मोजावा. स्नायुक्षयाच्या प्राथमिक चाचणीसाठी आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पुरुषांसाठी ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि स्त्रियांसाठी ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर ही मर्यादा सुचवली आहे. ज्यांना उठता येते, त्यांनी हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसावे. त्यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास शारीरिक क्षमता घटल्याचे मानतात. ही चाचणी करताना शेजारी कोणीतरी उभे असावे.

दवाखान्यांत वृद्धांसाठी सहा प्रश्नांचे एक संक्षिप्त पोषण-परीक्षणही वापरले जाते. गेल्या तीन महिन्यांत खाणे कमी झाले आहे का, वजन घटले आहे का, हालचाल कितपत आहे, मानसिक धक्का किंवा तीव्र आजार झाला होता का, स्मृतिभ्रंश किंवा नैराश्य आहे का, आणि निर्देशांक अथवा पोटरीचा घेर किती आहे, हे ते प्रश्न होत. एकूण १४ गुणांपैकी १२ ते १४ गुण असल्यास पोषणस्थिती चांगली, ८ ते ११ असल्यास कुपोषणाचा धोका आणि ७ किंवा कमी असल्यास कुपोषण असे मानले जाते. सहांपैकी दोन प्रश्न मनाशी निगडित आहेत, ही बाब ध्यानात घ्यावी.

वजनकाटा नसलेल्या घरातही खुणा दिसतात. बोटातील अंगठी सैल होणे, बांगड्या कोपराकडे सरकणे, पायजम्याची नाडी अधिक आवळावी लागणे, कवळी हलू लागणे, गळ्याच्या हाडांशी खळगे दिसणे या त्या खुणा होत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

(अ) योग्य शब्द वापरून रिकाम्या जागा भरा.
१. वयानुसार होणाऱ्या स्नायुक्षयाला ______ असे म्हणतात.
२. शरीर-वस्तुमान निर्देशांक काढताना वजनाला उंचीच्या ______ भागतात.
(आ) एका वृद्धाचे वजन सहा महिन्यांत ६० किलोवरून ५६ किलोवर आले. घट किती टक्के आहे? ती चिंताजनक आहे का?

७.२.४ वजन घटण्याची कारणे

वृद्धांचे वजन एकाच कारणाने घटते असे क्वचित घडते. बहुधा दोन-तीन कारणे एकमेकांत गुंतलेली असतात.

शारीरिक कारणे : दात पडणे, हिरड्या दुखणे, कवळी न बसणे यांमुळे भाकरी, शेंगदाणे, मोड आलेली कडधान्ये, कच्च्या कोशिंबिरी हळूहळू ताटातून नाहीशा होतात आणि चहात बुडवलेली बिस्किटे, पोहे, मऊभात उरतात. पोट भरते, पण प्रथिने मिळत नाहीत. यांशिवाय क्षयरोग, कर्करोग, अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचे विकार, हृदय व फुप्फुसांचे जुनाट आजार, गिळण्यातील अडचण ही कारणे असू शकतात. क्षयरोग आपल्याकडे आजही मोठ्या प्रमाणावर आढळत असल्याने खोकला, संध्याकाळचा ताप व वजनातील घट एकत्र दिसल्यास थुंकीची तपासणी टाळू नये.

औषधे : काही औषधांनी तोंडाला कोरड पडते, काहींनी चव बदलते, काहींनी मळमळते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास 'ब-१२' जीवनसत्त्वाची पातळी कमी होऊ शकते. शाकाहारी वृद्धांत ही शक्यता अधिक. मात्र अशा शंकेने औषध स्वतःहून बंद करू नये. सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवणे, हा उत्तम मार्ग होय.

मानसिक कारणे : जोडीदाराच्या निधनानंतर, घर बदलल्यावर, मुले दूरगावी गेल्यावर जेवणातील गोडी जाते. नैराश्य हे वृद्धांच्या वजन घटण्याचे महत्त्वाचे व उपचारक्षम कारण आहे. स्मृतिभ्रंशात जेवल्याचे किंवा न जेवल्याचेच स्मरण राहत नाही.

सामाजिक व आर्थिक कारणे : आपल्या कुटुंबपद्धतीत घरातील स्त्री सर्वांना वाढून शेवटी जेवते. आयुष्यभराची ही सवय म्हातारपणीही सुटत नाही; उरलेसुरले तेच तिचे जेवण ठरते. एकादशी, चतुर्थी, सोमवार, गुरुवार असे उपवास एकाच आठवड्यात जमून येतात. उपवासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टमय असतो. त्यात प्रथिने नगण्य असतात. खिचडीतील शेंगदाण्याचा कूट हाच तिचा प्रथिनयुक्त भाग, आणि दात नसलेली व्यक्ती नेमका तो कमी करते किंवा पित्ताच्या भीतीने टाळते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाचा 'एका जिवासाठी काय चूल पेटवायची' हा विचारही ताट रिकामे करतो. हातात स्वतःचा पैसा नसेल तर दूध, फळ, अंडे मागण्याचा संकोच वाटतो. पुष्कळदा 'मला भूकच नसते' या वाक्यामागे भूक नसणे नव्हे, तर मागण्याची इच्छा नसणे दडलेले असते. या वाक्याचा अर्थ लावताना आपण सावध असले पाहिजे.

७.२.५ अधिक वजनाचा प्रश्न

अधिक वजनामुळे गुडघ्यांवर ताण येतो, मधुमेह व उच्च रक्तदाब आवरणे कठीण जाते, हे खरे आहे. परंतु तरुणांसाठीचे नियम वृद्धांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पासष्ट वर्षांवरील सुमारे दोन लाख व्यक्तींवरील बत्तीस अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निर्देशांक साधारणतः २४ ते ३१ या दरम्यान असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी, तर २३ च्या खाली ते वाढत गेलेले आढळले. हे निष्कर्ष भारतीयांना थेट लावता येत नाहीत, कारण त्याच निर्देशांकाला भारतीयांच्या पोटावर चरबी अधिक असते आणि मधुमेहाचा धोकाही अधिक असतो. शिवाय आधीच जडलेल्या आजाराने वजन घटलेले असणे, हेही कमी वजनाच्या गटातील मृत्यूंचे एक कारण असते. तरीही एक गोष्ट निश्चित होते : म्हातारपणी थोडे अधिक वजन हे घटणाऱ्या वजनाइतके भीतिदायक नाही.

म्हणून वजन कमी करण्यासाठी वृद्धांनी उपासमारीचा मार्ग घेऊ नये. अशा वेळी चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि पुढे वजन वाढले तरी परत येते ती मुख्यतः चरबी. वैद्यकीय कारणाने वजन उतरवणे आवश्यक असल्यास ते सावकाश, पुरेशी प्रथिने व व्यायाम यांच्या जोडीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावे. बाहेरून स्थूल दिसणाऱ्या वृद्धाचे स्नायू कृश असू शकतात, हेही विसरू नये.

७.२.६ आहाराचे नियोजन

वयानुसार उष्मांकांची गरज कमी होते. प्रथिनांची गरज मात्र कमी होत नाही. भारतीय प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. वृद्धांच्या पोषणाचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी १ ते १.२ ग्रॅम प्रमाण सुचवले. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

आपल्या उदाहरणातील ४४ किलो वजनाच्या स्त्रीस या हिशेबाने दिवसाला साधारण ४४ ते ५३ ग्रॅम प्रथिने हवीत. तिचे नेहमीचे जेवण पाहू.

ज्वारीच्या दोन भाकरी (१०० ग्रॅम पीठ) : १० ग्रॅम
भात (५० ग्रॅम तांदूळ) : ४ ग्रॅम
पातळ आमटी (१५ ग्रॅम तूरडाळ) : ३ ग्रॅम
भाजी : २ ग्रॅम
दिवसभराच्या चहातील दूध (१०० मिलिलिटर) : ३ ग्रॅम
एकूण : सुमारे २२ ग्रॅम

पोट भरले, पण गरजेच्या निम्मीच प्रथिने मिळाली. आता याच जेवणात पुढील भर घालू : एक पेला दूध किंवा वाटीभर दही (६ ग्रॅम), मूठभर शेंगदाण्यांचा बारीक कूट (७ ग्रॅम), ३० ग्रॅम अधिक डाळ घालून केलेले घट्ट वरण (६ ग्रॅम) आणि एक अंडे (६ ग्रॅम). एकूण बेरीज ४७ ग्रॅमवर जाते. अंडे न खाणाऱ्यांनी त्याऐवजी पनीर, बेसनाचे पिठले किंवा मुगाच्या डाळीचे धिरडे घ्यावे. किनारपट्टीवर ताजी किंवा सुकी मासळी हा प्रथिनांचा चांगला स्रोत आहे; मात्र रक्तदाब असल्यास खारवलेली मासळी बेताने घ्यावी.

नियोजनाची तत्त्वे पुढीलप्रमाणे सांगता येतील :
१. मोठ्या दोन जेवणांऐवजी पाच-सहा लहान खाणी द्यावीत. प्रथिने एकाच वेळी न देता न्याहारी, दुपार व रात्र अशी विभागावीत.
२. पदार्थ मऊ असावा, पण पाणचट नसावा. मऊभातात मूगडाळ घालावी. नाचणीची आंबील ताकात करावी, तर खीर दुधात. थालीपिठाच्या भाजणीत डाळींचे प्रमाण वाढवावे. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून द्यावी.
३. वजन घटलेल्या व्यक्तीच्या भातावर, खिचडीवर चमचाभर तूप घालावे. एका लहान चमच्यातून साधारण ४५ उष्मांक मिळतात आणि ताटातील अन्नाचा आकार वाढत नाही.
४. चव मंदावलेली असल्याने लिंबू, आले, जिरे, कोथिंबीर, कढीपत्ता यांचा सढळ वापर करावा. मिठाने चव आणू नये.
५. जेवणाच्या लगेच आधी भरपूर पाणी किंवा चहा देऊ नये. पोट भरल्यासारखे वाटते. दोन जेवणांच्या मधल्या वेळेत तहान नसली तरी पाणी, ताक, सरबत द्यावे.
६. उपवास सोडणे मान्य नसल्यास दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा यांना उपवासाच्या ताटात स्थान द्यावे. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

केवळ अन्नाने स्नायू बनत नाहीत. त्यांना काम द्यावे लागते. खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, पाण्याच्या भरलेल्या लहान बाटल्या हातांनी वर-खाली करणे आणि रोजचे चालणे हे व्यायाम झेपेल तसे करावेत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

पुढील विधाने चूक की बरोबर ते सांगा.
१. वृद्धापकाळात उष्मांकांबरोबर प्रथिनांची गरजही कमी होते.
२. साबुदाणा हा प्रथिनांचा उत्तम स्रोत आहे.
३. पायांवर सूज असल्यास वजनातील खरी घट झाकली जाऊ शकते.
४. नैराश्य हे वजन घटण्याचे कारण असू शकते.

७.२.७ कुटुंब, समाज आणि शासन

वृद्धांचे पोषण हा स्वयंपाकघरापुरता मर्यादित विषय नाही. 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७' या कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवास आणि वैद्यकीय उपचार यांचा समावेश आहे. म्हणजे वृद्ध माता-पित्यांना जेवू घालणे ही मुलांची केवळ नैतिक नव्हे, तर कायदेशीरही जबाबदारी आहे. निराधार वृद्धांसाठी महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. केंद्राच्या अन्नपूर्णा योजनेत निवृत्तिवेतनास पात्र असूनही ते न मिळालेल्या पासष्ट वर्षांवरील निराधारांना दरमहा १० किलो धान्य विनामूल्य देण्याची तरतूद आहे. २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेसाठी राष्ट्रीय कार्यक्रमही राबवला जात आहे.

या योजनांचे महत्त्व मान्य करूनही एक मर्यादा नोंदवली पाहिजे. धान्याने भूक भागते; पण आपण वर केलेला हिशेब सांगतो की, वृद्धांच्या ताटात उणीव असते ती मुख्यतः डाळ, दूध, अंडे यांची. शिवाय धान्य घरात येणे आणि ते दात नसलेल्या, एकट्या व्यक्तीच्या पोटात शिजवलेल्या रूपात जाणे यांत मोठे अंतर आहे. हे अंतर कुटुंब, शेजार, ज्येष्ठ नागरिक संघ आणि गावातील आशा स्वयंसेविका यांनाच भरून काढावे लागेल. सोबतीने जेवल्यास माणूस दोन घास अधिक खातो, हा सर्वांचा अनुभव आहे. दिवसातून एक जेवण तरी वृद्धांच्या बरोबर बसून घेणे, या उपायाला कोणताही खर्च येत नाही.

७.३ सारांश

वजन हा पोषणस्थितीचा सोपा, पण अपुरा निदर्शक आहे. वृद्धापकाळात स्नायू कमी होतात, उंची घटते, भूक व तहान मंदावतात; त्यामुळे केवळ निर्देशांकावर विसंबणे दिशाभूल करणारे ठरू शकते. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक अनैच्छिक घट झाल्यास वैद्यकीय तपासणी करावी. घटीमागे दात, आजार, औषधे, नैराश्य, उपवास, दारिद्र्य व एकाकीपणा अशी अनेक कारणे असू शकतात. त्यांपैकी बहुतेकांवर उपाय करता येतो. म्हणूनच 'वयोमानाने व्हायचेच' हे उत्तर स्वीकारणे म्हणजे उपाय करण्याची संधी गमावणे होय. प्रथिनयुक्त, मऊ व रुचकर आहार, झेपेल तो व्यायाम, वजनाची मासिक नोंद आणि सोबत ही वृद्धांच्या पोषणाची चार अंगे आहेत.

७.४ पारिभाषिक शब्द

पोषणस्थिती : आहार व शरीराची गरज यांच्या मेळातून निर्माण झालेली शरीराची अवस्था.
सार्कोपेनिया : वयानुसार होणारा स्नायुक्षय व त्यामुळे येणारी शक्तिहीनता.
अनैच्छिक घट : प्रयत्न किंवा इच्छा नसताना होणारी वजनाची घट.
उष्मांक : अन्नातून मिळणारी ऊर्जा मोजण्याचे एकक.

७.५ स्वयं-अध्ययनासाठीच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (अ) १. सार्कोपेनिया २. वर्गाने (आ) (६० − ५६) ÷ ६० × १०० = ६.७ टक्के. घट ५ टक्क्यांहून अधिक आहे. ती प्रयत्नपूर्वक केलेली नसल्यास चिंताजनक असून वैद्यकीय तपासणी आवश्यक आहे.
प्रश्न – २ : १. चूक २. चूक ३. बरोबर ४. बरोबर

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'वृद्धांच्या बाबतीत वजनाच्या आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची असते.' हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.
२. वृद्धांचे वजन घटण्याची सामाजिक कारणे आपल्या परिसरातील निरीक्षणांच्या आधारे विशद करा.
३. टिपा लिहा : (अ) संक्षिप्त पोषण-परीक्षण (आ) उपवास आणि वृद्धांचे पोषण (इ) पोटरीचा घेर.

७.७ क्षेत्रीय कार्य

१. आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीच्या संमतीने तिचे वजन सलग तीन महिने नोंदवा. तिने एका दिवसात खाल्लेल्या पदार्थांची यादी करून प्रथिनांचा अंदाज काढा. तिच्या आवडीचा, परवडणारा आणि चावता येईल असा एक पदार्थ त्या आहारात सुचवा. घट आढळल्यास अहवाल पूर्ण होण्याची वाट न पाहता तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास मदत करा.
२. कृश होण्यासंबंधी आपल्या बोलीत रूढ असलेले शब्द व वाक्प्रचार वृद्धांकडून मिळवा आणि प्रत्येकाची अर्थच्छटा एका वाक्यात लिहा.